धरमपेठेतला पायोनियर ६५ हजारांना घ्यावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नागपूरच्या धरमपेठेत एका घरी वडील गेल्यावर मुलं घर रिकामं करत आहेत. वडील १९८० च्या सुमारास कुवेतहून परतताना पायोनियर एसएक्स-७८० रिसीव्हर (रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच डब्यात) आणि टेक्निक्सचा डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल (मोटर थेट तबकडी फिरवते असा रेकॉर्ड प्लेअर) घेऊन आले होते. सोबत १० इंची वूफरचे (खर्जाच्या मोठ्या कोनाचे) थ्री-वे स्पीकर (खर्ज, मधला आणि बारीक आवाज वेगवेगळे वाजवणारे) आहेत, त्यांच्या मागचं लेबल निघून गेलेलं आहे. सगळं मिळून ६५ हजार मागताहेत. सेट "चालू कंडिशन" आहे, आणि नेटवर नुसत्या रिसीव्हरचेच लोक चाळीस-पन्नास हजार सांगतात, म्हणून तुम्हाला सौदा स्वस्त वाटतोय. आठवड्याभरात उत्तर द्यायचं आहे.

मी बर्डीवर (सीताबर्डीत) २८ वर्षं हेच काम करतो, म्हणजे दुरुस्ती, आणि अधूनमधून स्वतःसाठी खरेदी. खरेदीत मारही खाल्लाय, तो पुढे सांगतो.

आधी नेटवरच्या भावाचं बघू. तो मागितलेला भाव असतो, मिळालेला नसतो. चाळीस हजारांची पाटी लावून तोच सेट दोन-दोन वर्षं तिथेच पडून असलेला मी पाहतो. त्यामुळे "याची किंमत किती" हा प्रश्न बाजूला ठेवा. घरी आणल्यावर पहिल्या सहा महिन्यांत यावर आणखी किती खर्च येईल, आणि तो खर्च करून देणारा माणूस नागपुरात आहे का, हे विचारा. सगळा सौदा त्या दोन उत्तरांवर आहे. ती मी न पाहता देऊ शकत नाही, पण तुम्ही तासाभरात बरीचशी काढू शकता.

एसएक्स-७८० बद्दल मला काय माहीत आहे ते सांगतो. १९७८ च्या आसपासचं मॉडेल, चॅनेलमागे (डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला) ४५ वॉट. हे ४५ वॉट खरे आहेत. अमेरिकेत १९७४ साली नियम आला की घरगुती अ‍ॅम्प्लिफायरची ताकद ठरलेल्या पद्धतीने मोजून, सतत देता येईल तेवढीच छापायची. त्या बाजारासाठी बनलेल्या जपानी सेटचे आकडे त्यामुळे सरळ झाले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात प्लॅस्टिकच्या म्युझिक सिस्टिमवर हजारो वॉट पीएमपीओ (क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा) लिहिलेलं असायचं, तो मोठा डबा या ४५ वॉटांसमोर दमून जातो. मोठ्या हॉलला ४५ पुरतात.

पण या मॉडेलची एक गोम आहे. याचा आउटपुट, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा भाग, सुट्या ट्रान्झिस्टरवर नाही, एसटीके-००५० नावाच्या दोन पॅकवर (सगळे भाग एकाच बंद डबीत) चालतो, प्रत्येक चॅनेलला एक. सुटा ट्रान्झिस्टर जळला तर जुळणारा पर्याय शोधता येतो. एसटीके गेला की अख्खा पॅक बदलावा लागतो, तो आता बनत नाही, आणि बाजारात "ओरिजिनल" म्हणून जे विकतात त्यातलं बरंच नकली असतं. नकली पॅक चार दिवस नीट वाजतो आणि मग जाताना वूफरही सोबत घेऊन जातो. म्हणून या सेटमध्ये दोन्ही एसटीके मूळचे आहेत का, यावर माझा भाव अर्धा वर-खाली होतो. पायोनियरच्याच त्या मालिकेतल्या सुट्या ट्रान्झिस्टरच्या मोठ्या मॉडेलला मी हा प्रश्न एवढा लावून धरला नसता.

आता नागपूरची गोष्ट, जी परदेशी लेखांत तुम्हाला सापडणार नाही. इथे दोन गोष्टी सेट मारतात: मे महिना आणि कूलर. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं (सेटमधल्या वीज साठवणाऱ्या डबीचं) साधं गणित असं की तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. बाहेर ४५ असताना बंद काचेच्या शोकेसमध्ये, गरम रिसीव्हरच्या पोटात किती असेल, तुम्हीच सांगा. आणि मग कूलर. आपल्याकडे कूलर खिडकीत आणि म्युझिक सिस्टिम त्याच्या समोरच्या भिंतीला, असं घराघरात असतं. ओली हवा, बोअरचं जड पाणी, धूळ, हे सगळं चाळीस उन्हाळे त्या सेटच्या जाळीतून आत गेलेलं. वरच्या झाकणाच्या जाळीतून टॉर्च मारून बघा. चेसिसवर पांढरट बुरशीसारखे डाग, तांब्यावर हिरवट थर, टर्मिनलला काळेपणा दिसला तर कूलर समोर होता असं समजा. सरळ विचारा, "काकांच्या वेळी हा कुठे ठेवला होता?" लोक यावर खोटं बोलत नाहीत, कारण हे का विचारताय ते त्यांना कळतच नाही.

स्पीकरचं तसंच. जमिनीवर ठेवलेल्या स्पीकरचा तळ आधी बघा. रोजच्या पोछ्याने खालचा पार्टिकल बोर्ड फुगून भजी झालेला असतो. लाकडावर टिचकी मारून बघा, पोकळ आवाज आला तर वाळवी. मी एकदा मागचं झाकण काढलं तर आत पालीचा सांगाडा ट्रान्सफॉर्मरला चिकटलेला होता. सेट मात्र चालू.

बघायला जाल तेव्हा एक काम आदल्या दिवशीच करा. फोन करून सांगा की आम्ही येईपर्यंत सेट लावू नका. विकणारा माणूस सवयीने तासभर आधी लावून ठेवतो, सगळं गरम होऊन शांत होतं, आणि थंड सेटचे रोग लपतात. ऑन केल्यावर काही सेकंदांनी आतून "टक्" आवाज येतो, तो प्रोटेक्शन रिले, म्हणजे सगळं ठीक असलं तरच स्पीकर जोडणारा आतला स्विच. ही वाट सेट मुद्दाम बघतो, आपल्याला घाबरायचं कारण नाही. टक् आलाच नाही, किंवा वाजताना मध्येच टक् होऊन आवाज गेला, तर आत काहीतरी बिघडलंय.

सेट "चालू" आहे म्हणतात, पण शेवटचा कधी लावला ते विचारा. वर्ष-दोन वर्षं बंद असेल तर थेट २३० वर लावू देऊ नका. पडून राहिलेल्या कंडेन्सरच्या आतला थर उतरलेला असतो, आणि एकदम पूर्ण व्होल्टेज दिला की फुटू शकतो. आमच्याकडे डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या यंत्राने) हळूहळू चढवतात. तुमच्याकडे तो नसणार, पण कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडे सिरीज बोर्ड असतो, १०० वॉटचा साधा पिवळा बल्ब सेटच्या मालिकेत जोडलेला. बल्ब क्षणभर लखकन पेटून मंद झाला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच प्लग काढा. दोनशे-तीनशे रुपये देऊन मेकॅनिकला सोबत न्या, बोर्डासकट. हे सांगायला मला संकोच वाटत नाही, कारण मी स्वतः जुनी कार बघायला जातो तेव्हा मेकॅनिक घेऊनच जातो.

लावण्याआधी मागचं व्होल्टेज सिलेक्टरही बघा. आखातासाठी आलेल्या सेटला बहुधा ते असतं आणि २२० किंवा २४० वर असायला हवं. अमेरिकेतून आलेला सेट फक्त १२० चा असतो, जपानमधून आलेला १०० चा. तो आपल्या प्लगमध्ये थेट लावला तर खेळ तिथेच संपला. जपानच्या देशी मॉडेलची आणखी एक गंमत आहे. त्याचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा असतो, आणि आपली खाजगी स्टेशनं सगळी ९० च्या पुढे. रेडिओसाठी घेणाऱ्याने हे आधी विचारावं. तुमच्यासाठी हा मुद्दा बहुधा लागू नाही.

सेट उघडायला मिळाला तर उत्तमच, पण प्लग काढूनही मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज राहते, आत बोट घालू नका. नुसतं बघा. सर्वांत आधी स्क्रू. स्क्रूची डोकी चिरडलेली असली की कोणीतरी आत गेलंय, आणि घाईत गेलंय. फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली असेल तर मी उठून चहा पितो आणि निघतो. एसटीकेच्या वरचा छाप बघा, दोन्ही सारखे आहेत का, त्यांच्या पायांचं सोल्डर मूळचं चकचकीत आहे की मागाहून डबडबलेलं.

इथे माझी गोष्ट. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एक सान्सुई अ‍ॅम्प घेतला. समोरची पट्टी आरशासारखी, नॉब सगळे जागेवर, आवाजही झकास. मालक म्हणाला, "नुकताच सर्व्हिस करून ठेवलाय." मी खूश, उघडलाच नाही. महिन्याभराने डावा वूफर धूर सोडून गेला. उघडला तेव्हा दिसलं की एका चॅनेलचे आउटपुट ट्रान्झिस्टर बाजारातले कुठलेतरी लावलेले, दुसऱ्यापासून वेगळे, आणि बायस (ट्रान्झिस्टरमधून सतत वाहणाऱ्या थोड्या विजेची सेटिंग) हवी तशी फिरवलेली. डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज जिने वूफर जळतो, थेट स्पीकरला जात होता. "सर्व्हिस केलाय" हे वाक्य तेव्हापासून मला किंमत वाढवणारं वाटत नाही. बिल दाखवा, कोणी केलं सांगा, काय बदललं सांगा. नाहीतर धूळ खात पडलेला, कोणी हात न लावलेला सेट मी आनंदाने जास्त पैशात घेतो. त्याच काळात कबाड्याकडून एक संपूर्ण मुका रिसीव्हर आणला होता. रिलेच्या कॉन्टॅक्टला फक्त काजळी होती. तो आजही माझ्या घरी वाजतो.

हा डीसी तुम्हीही मोजू शकता, चारशे रुपयांच्या मल्टिमीटरने. स्पीकर काढून ठेवा, व्हॉल्यूम शून्यावर, सेट दहा मिनिटं चालू द्या, मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून स्पीकर टर्मिनलच्या लाल-काळ्यावर लावा. ५० च्या आत असेल तर मस्त. १०० च्या वर असेल तर काम आहे. व्होल्टमध्ये आकडा आला तर त्या सेटला स्पीकर जोडूच नका. दोन्ही चॅनेलचा घ्या.

व्हॉल्यूम, बेस, ट्रेबल फिरवताना खरखर येणं ही साधी गोष्ट आहे, कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. त्यावर हजार-दोन हजार कमी करायला हरकत नाही, पण घाबरू नका. मागाहून कोणी कुलूप-बिजागरीचं तेल मारून ठेवलं असेल तर मात्र वास येतो, आणि त्याने धूळ चिकटून वर्षभरात हाल होतात. मीटरचे दिवे गेले असतील तर स्वस्त. बॅलन्स मध्ये ठेवूनही एक बाजू हळू वाजत असेल, सिलेक्टर (रेडिओ की रेकॉर्ड ते निवडायचा नॉब) हलवल्यावर सुधारत असेल, तर स्विच. हलवूनही सुधारत नसेल तर कुठे काय ते उघडल्याशिवाय कळत नाही, आणि मग किंमत मी निम्म्याच्या जवळ नेतो.

सोबत काय न्यायचं? स्वतःच्या रेकॉर्ड. एक शास्त्रीय गायनाची, जिच्यात तंबोरा सुरुवातीला एकटा वाजतो. टर्नटेबलचा वेग डगमगत असेल तर तंबोऱ्याच्या सुरात लाटा येतात, कानाला लगेच कळतं. तबल्याच्या बायावर लक्ष ठेवा. तो घुमताना फडफडला की वूफरची कॉइल घासतेय. आणि एक जुनी मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेली) रेकॉर्ड न्या, साठच्या दशकातल्या बऱ्याच मराठी रेकॉर्ड मोनोच आहेत. मोनो आवाज दोन स्पीकरच्या अगदी मधोमध उभा राहायला हवा. कुठल्या बाजूला सरकला की सुई, अ‍ॅम्प किंवा स्पीकर, तिघांपैकी एक दोषी. मग टर्नटेबलच्या दोन्ही केबल रिसीव्हरला आलटून-पालटून लावा. दोष बाजू बदलून दुसरीकडे गेला तर तो टर्नटेबलकडून येतोय, तिथेच राहिला तर पुढचा आहे. ही युक्ती फुकट आहे आणि विकणाऱ्यावर छाप पडते ती वेगळी.

टेक्निक्सच्या प्लॅटरच्या (रेकॉर्ड ठेवायच्या तबकडीच्या) कडेला ठिपके असतील तर त्यावर लाल दिवा पडून ते थांबल्यासारखे दिसायला हवेत. ५० आणि ६० हर्ट्झच्या रांगा वेगळ्या असतात, दिवा मेन्सवर चालत असेल तर आपल्याकडे ५० ची बघायची. डायरेक्ट ड्राइव्हला बेल्ट नाही, म्हणून वितळलेल्या बेल्टची कटकट नाही, ही चांगली बाजू. आर्म (सुई धरणारा दांडा) बोटाने अलगद आडवा ढकला, कुठेही अडकला नाही पाहिजे. सुई तर नवी धराच. जुन्या सुईने किती तास काढले कोणीच सांगू शकत नाही, आणि घासलेली सुई रेकॉर्डचे खाचे खरवडते. शूर कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिज (आर्मच्या टोकाचा, सुई बसवलेला छोटा भाग) बनवणं थांबवलं, म्हणून तिथे शूर असेल तर पर्यायी कंपनीची सुई शोधावी लागेल. बहुतेक ठिकाणी अख्खं कार्ट्रिज बदलून ऑर्टोफोन किंवा ऑडिओ-टेक्निकाचं साधं मॉडेल लावणं सोपं पडतं.

स्पीकर मला सगळ्यात जास्त खटकले. लेबल नाही म्हणजे नाव विसरा आणि माल बघा. जाळी काढून वूफरच्या कडेच्या फोमला बोट लावा, अगदी हलकं. त्या काळचा फोम दहा-वीस वर्षांत चुरा होतो. तुमच्या बोटाला काळा चिकट भुगा लागला तर दोन्ही वूफर री-फोम करावे लागणार. ते नागपुरात होतं, पण करणाऱ्याला मूळ कोन आणि कॉइल तशीच ठेवायला निक्षून सांगा. नाहीतर तो पीए (सभा-समारंभाच्या) स्पीकरचा जाड कोन बसवून देतो, आणि लग्नाच्या मांडवातला आवाज घरी येतो. रबराची कड असेल तर निश्चिंत. मग चार बोटं सारख्या अंतरावर ठेवून कोन आत दाबा, घासल्याचा आवाज नको. मल्टिमीटरने ओहम बघा, ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६ च्या आसपास दाखवतो. आणि दीड व्होल्टचा सेल टर्मिनलला क्षणभर लावा: लालला धन लावल्यावर दोन्ही वूफर बाहेर यायला हवेत. एक बाहेर आणि एक आत गेला तर कोणीतरी आत तारा उलटवल्या आहेत. ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) ऐकायला कागदाची नळी करून कानाला लावा.

आता पैशाचं. हा माझा हिशेब आहे, दुसरा दुकानदार वेगळा सांगेल. सगळं नीट, सर्व्हिस होऊन, फोम नवा, सुई नवी, असा हा संच मला पन्नास-पंचावन्नपर्यंत पटतो, बिननावाच्या स्पीकरमुळे त्याहून वर नाही. त्यातून रिसीव्हरच्या सर्व्हिसचे सात-आठ हजार वजा करा (कंडेन्सर, रिले, सफाई), फोमचे चार-पाच, कार्ट्रिजचे चार-पाच. उरले पस्तीस-चाळीस. एसटीके मूळचे असतील तर एवढ्यावर थांबा. त्यातला एकही बदललेला दिसला तर आणखी आठ-दहा काढा, कारण तो धोका तुम्ही डोक्यावर घेताय. फोम आधीच नवा आणि काम नीट झालेलं दिसलं तर पाच हजार परत घाला. मुलं म्हणतील, "बाबांची आठवण आहे." खरंच आहे, पण त्या आठवणीचे पैसे तुम्ही देऊ शकत नाही. हे त्यांना प्रेमाने सांगता येतं, मी अनेकदा सांगितलंय. घासाघीस करताना सेटला नावं ठेवू नका, खर्चाची यादी कागदावर मांडा.

तुकडे करून घेता येतं का तेही विचारा. रिसीव्हर आणि टर्नटेबल तेवढे घ्या, स्पीकर त्यांना राहू द्या. वीस-पंचवीस हजारांत आज नवे बुकशेल्फ (फडताळात मावणारे छोटे) स्पीकर मिळतात जे बहुतेक बिननावाच्या जुन्या थ्री-वेपेक्षा सुसूत्र वाजतात. आणि हेही सांगून टाकतो: फक्त स्वच्छ आवाज हवा असेल तर तळहाताएवढा नवा अ‍ॅम्प या पायोनियरपेक्षा कमी पैशात कमी खरखरीचा आवाज देईल. जुना सेट आपण घेतो तो जड नॉबसाठी, निळ्या-पिवळ्या मीटरसाठी, आणि रेकॉर्ड लावून बसण्यासाठी. ते हवं असेल तरच चाळीस हजार खर्च करा. माझ्याकडे येणारी अर्धी पोरं म्हणतात, "दादा, चालून राहिलं ना, मग खोलता कायले?" त्यांच्यातली बरीच वर्षभरात परत येतात.

रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत जा. झाकण उघडायला मिळालं तर दोन्ही एसटीकेंवरची अक्षरं वाचता येतील असा फोटो आणि टर्मिनलवरचे दोन मिलिव्होल्टचे आकडे मला पाठवा. बाकीचं त्यावरून बोलू.